जालन्याहून बेटाकडे, तिथी बघून

१९३८ साली इटलीत, पॉम्पेईच्या एका घराच्या उत्खननात अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक बाई सापडली. उंची वीतभराहून थोडी जास्त, अंगावर वस्त्र नाममात्र आणि दागिने भरपूर, दोन्ही बाजूंना एकेक ठेंगणी दासी. व्हेसुव्हियस इसवी सन ७९मध्ये फुटला आणि शहर राखेखाली गेलं. म्हणजे ही बाई त्याआधीच तिथं नांदत होती. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, पुढे अभ्यासकांनी यक्षी म्हटलं. तिचं माहेर मात्र भारतातलं, यावर वाद झाला नाही.

माहेर नेमकं कुठलं, याचे दोन दावेदार मराठवाड्यात आहेत. एक धाराशिव जिल्ह्यातलं तेर, दुसरं आमच्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन. आज भोकरदन म्हणजे तालुक्याचं गाव, बाजारपेठ, बसस्टँड. सातवाहनांच्या काळात ते भोगवर्धन होतं आणि इथल्या दात्यांची नोंद सांची-भरहुतच्या स्तूपांवर आहे. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३मध्ये इथं केलेल्या उत्खननात पॉम्पेईच्या बाईशी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती मिळाली. तेव्हापासून काही अभ्यासक पॉम्पेईची बाई भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी असं मानतात. विद्वानांचं एकमत होईल तेव्हा होवो. जालना जिल्ह्यातून समुद्रप्रवासाला निघालेली पहिली बाई म्हणून मी तिला मनोमन मान देऊन टाकला आहे.

ती गेली कशी असेल, याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जातो, वाट वीस दिवसांची आहे, असं नोंदलं आहे. त्या काळी मिसरची जहाजं पावसाळी वाऱ्यावर भारताकडे यायची आणि ईशान्येचा वारा सुटला की परत फिरायची. हा परतीचा वारा सुटतो आपल्या कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास. म्हणजे बाईसुद्धा दिवाळी उरकूनच निघाली असणार.

हे सगळं सांगायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत जालन्यात दिवाळीच्या सुट्टीला समुद्रावर जायची टूम निघाली आहे. नुसत्या समुद्रावर नव्हे, बेटावर. बोटीत बसून. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचं गाव, फार तर शिर्डी, वेरूळ, तुळजापूर. आता मुलांच्या मोबाईलवर निळं पाणी आणि माडांची रांग दिसते आणि घरात विषय निघतो. आमच्याही घरात निघाला. तीन पिढ्यांचा गोतावळा, त्यात निम्म्यांनी समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला, आणि नियोजन माझ्याकडे आलं. त्या निमित्तानं टूरवाले, रेल्वेवाले, कोकणातले बोटवाले आणि भिंतीवरचं पंचांग या सगळ्यांशी बोलणी झाली. सगळ्यांत उपयोगी निघालं ते पंचांग.

पण आधी बेट ठरवायला हवं.

जालन्याला बोट ठाऊक नाही असं नाही. गोदाकाठच्या गावांत भोयांच्या होड्या आहेत, नाथसागरावर मासेमारी चालते, आणि २०२५च्या सप्टेंबरात जायकवाडीतून पाणी सोडल्यावर काठच्या गावांतली माणसं हलवावी लागली, तेव्हा बोट दारापर्यंत येण्याचा अर्थही कळला. आमच्या मावशींच्या मनात बोट म्हणजे पूर, हे गणित तेव्हापासून पक्कं आहे. गंमत म्हणजे जालन्याला बंदरसुद्धा आहे, कोरडं. २०१५ साली भूमिपूजन झालेला जवाहरलाल नेहरू बंदराचा ड्राय पोर्ट. शहरातल्या सळ्या आणि बियाणं परदेशी जायचं म्हटलं तर कंटेनर इथं भरला जावा, हा बेत. बोट मात्र तिथं कधी लागायची नाही.

नव्या जालन्यातल्या एका टूरवाल्यानं पहिल्या झटक्यात लक्षद्वीप सांगितलं. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि लक्षद्वीपचं नाव घराघरांत पोचलं, हे खरं. बेटं आहेतही तशीच: एकूण छत्तीस, त्यातल्या दहांवर वस्ती. सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. जालना जिल्हा सात हजार सातशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. पण तिथं जायला प्रवेशपरवाना लागतो, तो आधी काढावा लागतो. जहाज कोचीहून सुटतं, आणि कोचीहून कवरत्ती साधारण तितकीच लांब जितकी जालन्याहून मुंबई. फरक इतकाच की ते सगळं पाणी आहे आणि वाटेत मनमाड लागत नाही. शिवाय काही बेटांपाशी मोठं जहाज आतल्या उथळ पाण्यात जाऊ शकत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि प्रवाशांना जहाजाच्या कुशीतल्या दारातून हलत्या लहान बोटीत उतरावं लागतं. गुडघे बदलायला आलेल्या आजींना घेऊन हे करायचं म्हणजे धाडस. लक्षद्वीप पुढच्या कधीतरीसाठी ठेवलं.

तिथली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. प्रवाळाच्या बेटावर नदी नसते, तळं नसतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं, ताकावर लोणी तरंगावं तसं, जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. विहिरीतून बेतानं उपसलं तर गोड लागतं, हावरेपणानं उपसलं की खालचं खारं वर येतं. कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला, तो या कोंडीतून. बोअर मारून मारून जमीन पोखरलेल्या आमच्या भागातल्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही.

मग महाराष्ट्रातली बेटं. 'ट्रॉपिकल आयलंड' म्हटलं की जाहिरातीत मालदीव दाखवतात. वास्तविक कर्कवृत्त आपल्या राज्याच्या वरून, मध्य प्रदेश-गुजरातेतून जातं. जालना, मालवण, मुंबई सगळे उष्ण कटिबंधातच बसलेले. म्हणजे माड, समुद्र आणि घाम ही तिन्ही लक्षणं असलेलं बेट पासपोर्टशिवाय मिळतं. घारापुरी सगळ्यांत सोपी: गेटवेहून बोट, तासाभराचा प्रवास, समोर लेणी. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं. वेरूळ शेजारी असलेल्यांना लेण्यांचं अप्रूप तसं कमी, हा भाग वेगळा. त्या बेटावर वीज पोचली २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईच्या दिव्यांसमोर इतकी वर्षं अंधारात राहिलेलं गाव म्हणून मला लेण्यांपेक्षा तेच जास्त बघावंसं वाटतं.

जंजिऱ्यावर आमचा मराठवाड्याचा थोडा हक्क आहे. मलिक अंबर, ज्यानं आमच्या शेजारचं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, तो हबशी; जंजिऱ्याचे सिद्दीही हबशी; आणि दोघांचा धागा निझामशाहीत. राजपुरीहून शिडाची होडी निघते, वारा असेल तर इंजिनाशिवाय. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पण होडी दरवाजाच्या पायऱ्यांशी लागते तेव्हा पाण्याबरोबर वरखाली होत असते आणि नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो. पोरांना ते खेळासारखं वाटतं, आजींना नाही.

शेवटी सिंधुदुर्ग ठरला. मालवणच्या धक्क्यावरून दिसणारं कुरटे बेट, बोटीनं पंधरा मिनिटांच्या आत. बांधकामाला सुरुवात २५ नोव्हेंबर १६६४, विस्तार ४८ एकरांचा. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांत समुद्रातल्या बेटांवरचे तीन: खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि हा. आणि आत शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी बांधलेलं. घरातल्या सगळ्या पक्षांचं समाधान होईल असं दुसरं बेट सापडलं नाही.

आता पंचांग.

कोकणातल्या कोळ्याला भरतीची वेळ विचारली की तो आधी तिथी विचारतो. हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जे येईल तेवढे वाजता भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, भाऊबीजेच्या द्वितीयेला दीड. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अमावस्येला आणि पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या जास्त वेळानं पूर्ण ओहोटी. हे गणित चालतं कारण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागं फिरतं. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या बाजूचा. दक्षिणेला मालवणकडे भरती त्याहून काहीशी आधी येते, आणि अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीत धरावीच लागते. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत. पण आमच्याकडे संकष्टी, एकादशी, प्रदोष तोंडपाठ असलेल्या बायका घरोघरी आहेत. आजींना हे गणित सांगितलं तर त्यांनी जागच्या जागी कार्तिकी एकादशीची भरती सव्वाआठला काढून दिली. मुलांना तेच मोबाईलवर शोधायला जास्त वेळ लागला.

याचा उपयोग काय, ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्याशी कळतं. कान्होजी आंग्र्यांचा हा किल्ला ओहोटीला किनाऱ्याला जवळजवळ जोडला जातो, माणसं चालत जातात. भरतीला तोच बेट होतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी बाराला पोचलात तर समोर पाणीच पाणी, बोट शोधा. कार्तिक शुद्ध अष्टमीला दुपारी बाराला पोचलात तर ओहोटी, पाणी पुरेसं उतरलं असेल तर चप्पल हातात घेऊन चालत जा. किल्ला तोच, वेळ तीच, बदलली ती तिथी. सुट्टी बघून प्रवास ठरवणारे आणि तिथी बघून ठरवणारे यांच्यात नेमका एवढा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या बेतात तीच निर्णायक ठरली. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच उधाणाची आणि भांगाची भरती पाठ केलेली असते. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ओढ काटकोनात, पाण्याची वरखाली कमी; तो भांग. मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटरनं वरखाली होतं. मालवणला इतकं नाही, पण फरक जाणवतो. दिवाळी असते अमावस्येला. म्हणजे सगळा महाराष्ट्र नेमका उधाणाच्या दिवसांत किनाऱ्यावर गोळा होतो, हॉटेलं महाग, धक्क्यावर रांगा आणि पाण्याला जोर. आठवड्यानं सगळं उतरतं, पाणीसुद्धा. धक्क्यावरून बोटीत आणि बोटीतून पायरीवर पाय टाकताना आजींना भांगाचं पाणीच परवडणार. म्हणून आमचा बेत भाऊबीजेवरून सरकत अष्टमीवर गेला. मुलांनी कुरकुर केली, कारण दिवाळीच्या ऐन गर्दीत फोटो टाकायची मजा वेगळी. त्यांना नवमीपर्यंत दम धरायला सांगितलं.

वारा हा पंचांगात न मिळणारा भाग. पावसाळ्यात मे महिन्याच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी बोटी बंद असतात, हे बहुतेकांना माहीत आहे. श्रावणी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात आणि समुद्र खुला झाला असं आपण मानतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम आहे, हे दिवाळीच्या आनंदात विसरायला होतं. २००९ साली ११ नोव्हेंबरला फयान वादळ कोकणावर आलं आणि कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. २०१९ला ऐन दिवाळीत क्यार अरबी समुद्रात घोंघावत होतं. ते किनाऱ्यावर आदळलं नाही, तरी मालवणच्या पाण्यानं लोकांची झोप उडवली. म्हणून बेतात एक दिवस रिकामा ठेवायचा, काही न करता बसायचा. टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये असा दिवस नसतो. त्यांना तो वाया गेलेला वाटतो. बोट सुटणार की नाही हे ठरवण्याचा अधिकार धक्क्यावरच्या माणसाचा असतो, आणि त्यानं नाही म्हटल्यावर आपण साडेसहाशे किलोमीटरवरून आलोय, हे त्याला ऐकवण्यात अर्थ नसतो. समुद्राला जालना माहीत नाही.

समुद्राच्या अंदाजाबाबत मला एक गोष्ट मोठी गमतीची वाटते. लाटा किती उंच असतील, किनाऱ्यावर पाणी कधी घुसेल, याचे इशारे देणारी देशाची संस्था, इन्कॉइस, आहे हैदराबादला. त्सुनामीचा इशारा तिथूनच निघतो. शेवटच्या निझामाच्या राज्याला किनारा नव्हता, जालना त्याच राज्यात होतं, आणि आज सगळ्या किनाऱ्यांचा हिशोब त्याच्याच राजधानीत बसून ठेवला जातो. दख्खनच्या खडकावर बसून समुद्र वाचता येतो, मग जालन्यातून एका बोटीची वेळ काढायला काय हरकत आहे? निघायच्या आधी त्यांचे आणि हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे वाचावेत. मच्छीमाराला जाऊ नका सांगितलं असेल तर पर्यटकाला वेगळा सल्ला लागत नाही.

रेल्वेचं बुकिंग नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी खुलं होतं, पूर्वी एकशेवीस होते. साठ दिवस म्हणजे जवळजवळ दोन चांद्रमास. त्यामुळे दिवाळीच्या अमावस्येच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं पोळ्याच्या आगेमागे. गावाकडे बैलांना हिंगूळ लावायचं, झूल घालायची, आणि इकडं सकाळी आठला मोबाईल घेऊन बसायचं. आमचा प्रवास कार्तिक शुद्ध षष्ठी-सप्तमीचा, म्हणजे तिकीट उघडणार गणपतीत, गौरी यायच्या सुमाराला. घरात सगळ्या बायका मुखवटे उजळत होत्या आणि भाऊजी नेटवर्कसाठी गच्चीवर. मिळालं.

मार्ग दोन. जालन्याहून मुंबईच्या गाड्या आता पुष्कळ आहेत; देवगिरी, तपोवन, जनशताब्दी आहेतच, आणि ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत पुढे नांदेडपर्यंत नेली तरी आमच्या स्टेशनवर थांबते. तिनं दुपारी ठाणं गाठायचं, रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तासाभराचं. दुसरा मार्ग गाडीनं: अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर, आणि मग फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट. सातवाहनांच्या गाड्यांना भडोचपर्यंत वीस दिवस लागायचे, आपल्याला एक दिवस-रात्र. तरी ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर आजींना बसवून घाट उतरणं आम्ही नको म्हटलं. घाटात उलटी आणि मग बोटीत उलटी, असा दुहेरी खर्च कशाला?

उलटीवरून आठवलं. बोट लागणं हा विषय जालन्यात कुणी गंभीरपणे घेत नाही, कारण लागलेली कुणाला नसते. पंधरा मिनिटांच्या बोटीत फारसं काही होत नाही. पण घारापुरीची तासाभराची फेरी किंवा मालवणात डॉल्फिन बघायला जास्त वेळ पाण्यावर राहायचं असेल तर डॉक्टरला विचारून गोळी आधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. नजर लांबवर क्षितिजावर ठेवावी, मोबाईलवर नाही. पोट रिकामं ठेवू नये आणि तेलकट भरूही नये. आमच्याकडे प्रवास म्हटला की धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. ती बांधायचीच, पण ती रेल्वेत संपवायची. बोटीत लसणाच्या चटणीचा डबा उघडणारा माणूस सगळ्या बोटीचा शत्रू होतो.

पोहण्याचा विषय निघाला की आमच्याकडचे पुरुष छाती काढतात. मराठवाड्यातल्या दोन पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या, पाठीला डबा बांधून, काकानं वरून ढकलून. विहिरीचं पाणी उभं असतं, ते कुणाला कुठं नेत नाही. समुद्राचं पाणी नेतं. परतणारी लाट, ओहोटीचा ओढा, खडकावरचं शेवाळ, यांतलं काही विहिरीत नसतं. विहिरीवरच्या बहाद्दरानंही बोटीत लाइफ जॅकेट घालायचं, एवढंच आमच्या घरात ठरलं. काकांना ते पटायला वेळ लागला.

ते पटवायला दोन बातम्या कामी आल्या. २०२२च्या मे महिन्यात, बोटी बंद व्हायच्या ऐन तोंडावर, तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं गेले. मेअखेरचं पाणी बाहेरून शांत दिसतं, पण पावसाळी वाऱ्याची सुरुवात झालेली असते, म्हणून हंगामाचे शेवटचे दिवस टाळावेत असं मालवणातले जुने लोक सांगतात. आणि १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली, पंधरा माणसं मेली. त्या दिवशी हवा चांगली होती, समुद्र शांत होता. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. जॅकेट बाकाखाली असून उपयोग नसतो, ते अंगात आणि पट्टे आवळलेलं लागतं. लहान पोराला मोठ्याचं घातलं तर तो त्यातून खाली निसटतो. धक्क्यावर उभं राहून दोनच गोष्टी बघायच्या: बोटीवर किती माणसांची परवानगी लिहिलेली आहे आणि आत किती बसली आहेत. दुसरा आकडा मोठा असेल तर पुढची बोट. सुट्टीच्या गर्दीत हे बोलायला जीभ रेटत नाही, कारण मागे रांग असते आणि तांडेल घाई करत असतो. आमच्यात हे काम मावशींना दिलं आहे. एसटीत कंडक्टरशी भांडायचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचं एक बेटुक आहे, लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. तिथं जायचं तर पुन्हा पाऊणपटीचं गणित, या वेळी ओहोटीसाठी. अष्टमीला मालवणची ओहोटी साधारण सकाळी अकराच्या आसपास येईल, म्हणजे सकाळी देवबाग आणि दुपारनंतर, पाणी चढत असताना, किल्ला. किल्ल्याची शेवटची बोट किती वाजता हे उतरतानाच विचारून ठेवायचं, कारण ते आपल्या पंचांगात नसतं, बोटवाल्यांच्या सोयीत असतं.

सिंधुदुर्गावर नुसती तटबंदी बघून परतणारे फार. तटावरून चालत फेरी मारायची तर ऊन टाळून जायला हवं, टोपी हवी, पाण्याची बाटली हवी. शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे म्हणून जे दाखवतात ते बघायला सगळे थांबतात. शिवराजेश्वराच्या मंदिरातही. मला मात्र आजींना घेऊन जायचं आहे ते तीन विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. बेटावर जायचं म्हटल्यावर आजींचा पहिला प्रश्न होता, तिथं प्यायला पाणी असतं का? घरातल्या पोरांना तो हास्यास्पद वाटला. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याची तळी आटली, घाणेवाडी कोरडी पडली आणि शहर टँकरवर आलं, तेव्हा ही पोरं पाळण्यात होती. किल्ला बांधणाऱ्यांनीही आधी तोच प्रश्न विचारला असणार. समुद्रातल्या किल्ल्याला वेढा पडला की तोफांच्या आधी पाणी संपतं. जागा निवडताना खडक, खोल पाणी, उथळ पाणी, वारा हे सगळं पाहिलं गेलं असेल, पण पाण्याशिवाय ४८ एकरांचा तट नुसता दगड ठरला असता.

या विहिरींचं पाणी आजही प्यावं का, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. आजींच्या मते तीर्थ म्हणून पळीभर घ्यावं. सूनबाई बाटलीबंदच घेणार. दोघींचं मिळून असं ठरलं की पळीभर डोळ्यांना लावायचं.

जेवणाचं त्यामानानं सोपं झालं. घरातले निम्मे शाकाहारी, त्यांच्यासाठी मालवणात उसळ, सोलकढी, तांदळाची भाकरी मिळते. ज्वारीची मिळणार नाही, हे आधीच जाहीर करून टाकलं आहे. उरलेले निम्मे आतापासून सुरमईची भाषा बोलतात. जालन्यात मासा म्हणजे गोड्या पाण्याचा राहू-कटला, तोही बाजारच्या दिवशी, त्यामुळे काटे कसे काढायचे यावर भाऊजींनी सगळ्यांना धडा द्यायला सुरुवात केली आहे. त्यांनी स्वतः सुरमई किती वेळा खाल्ली आहे, हे कुणी विचारत नाही.

परतीची तारीख पंचांगानंच ठरवली. कार्तिकी एकादशीला आजींना घरी असायलाच हवं, उपास प्रवासात होत नाही असं त्यांचं म्हणणं. द्वादशीपासून तुळशीची लग्नं, आणि ती लागली की माणसांच्या लग्नाचे मुहूर्त मोकळे होतात. भाच्यासाठी भोकरदनकडचं एक स्थळ आलं आहे आणि पाहुणे त्याच आठवड्यात यायचे आहेत. म्हणजे नवमीला मालवण सोडायचं, दशमीला ठाण्याहून गाडी, आणि राखीव ठेवलेला रिकामा दिवस अष्टमी आणि नवमीच्या मधे कसा बसवायचा, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे. काकांचं म्हणणं, तो दिवस काढून टाका. मावशी म्हणतात, काका काढून टाका, दिवस राहू द्या.